तिसऱ्या कमानीवरचं गाणं

आमच्या उद्यानात फिरायला येणारी माणसं नहरीच्या काठावर बसून डबे खातात. पोळीचे तुकडे पाण्यात टाकतात, मासे वर येतात, मुलं टाळ्या वाजवतात. चौकीदार त्यांना हटकतो. मी हटकत नाही. काठ चांगला रुंद बांधलेला आहे. ज्यानं बांधला त्याच्या माणसांनाही दुपारी भूक लागत असेलच.

परतवाड्याहून जीप डोंगराकडे निघाली की घाट लागायच्या आधी हे उद्यान येतं. नहर म्हणजे दगडी पाट. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी वर एका तळ्यात अडवलं आहे. तिथून नहर निघते, झाडीतून उतारानं खाली येते, वाटेत एक नाला आहे तो कमानींवरून ओलांडते आणि बागेतल्या हौदात पडते. कोणी म्हणतं नवाबाच्या काळातली, कोणी म्हणतं त्याच्याही आधीची. मला त्यातलं काही कळत नाही. बांधणाऱ्याला उतार कळत होता एवढं मात्र खरं. मोटार नाही, पंप नाही, पाणी आपल्या पायानं हौदापर्यंत चालत येतं.

मी इथं रोजंदारीवर लागले तेव्हा ते चालत नव्हतं. नहरीत माती भरली होती, कमानींवर पिंपळ उगवले होते, आणि माझं काम गवत काढायचं होतं. मग दुरुस्ती निघाली आणि मी चुन्याच्या टोळीत गेले. माझी शाळा चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की अजूनही घशाला कोरड पडते. हे लिहितेय तेही दुपारचं, घरात कोणी नसताना. पण चुन्याबद्दल लिहायला मला भीती वाटत नाही.

चुना म्हणजे भिंतीला मारायचा पांढरा रंग, असं पुष्कळांना वाटतं. एकदा एक गृहस्थ पानाची चंची उघडून आमच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "थोडा द्या बाई, घरचा संपला." बांधकामाच्या चुन्याचं तसं नसतं. भट्टीतली कळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, आणायची, पाण्यात टाकायची. ती उकळते, फसफसते, जवळ उभं राहवत नाही. मग तिला हौदात पाण्याखाली निजवून ठेवायचं. जितकी जास्त निजेल तितकी मऊ होते. मग त्यात वाळू आणि विटांची पूड घालून बैल ओढतो त्या घाण्यात दळायचं. दळताना बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी. या गुळामुळे आमच्याकडे वानरं फार. सुमन नावाची आमच्या टोळीतली बाई, जिभेची तिखट, ती गुळाच्या भेलीवरच बसायची. एकदा ती नुसती पाणी प्यायला उठली तर एका वानरानं भेली उचलली आणि कमानीवर जाऊन बसलं. सुमन खालून ओरडते, "मुकाट्यानं खाली ठेव रे, सरकारी गूळ हाये थो." वानरानं सरकारचा काही मान ठेवला नाही.

सिमेंट वाईट असतं असं मी म्हणणार नाही. माझं घर सिमेंटचंच आहे. पण जुन्या दगडाशी त्याचं जमत नाही. दगड उन्हात फुगतो, थंडीत आखडतो. सिमेंट हट्टी, ते हलत नाही आणि शेवटी फुटतं. चुना दगडाबरोबर हलतो. हे आम्हाला दुरुस्तीवरच्या गावंडे साहेबांनी सांगितलं. साहेब तरुण, आमच्याच वऱ्हाडातले, आणि चुन्याचा ध्यास घेतलेले. खरं तर सुरुवातीला आम्हीच म्हणत होतो की साहेब, एवढी उठाठेव कावून, दोन पोते सिमेंट टाका अन् मोकळे व्हा. साहेबांनीच परतवाड्यातून हमीदचाचांना शोधून आणलं. चाचांचे वडील आणि आजोबा चुन्याचे मिस्तरी. चाचा स्वतः मात्र चुना सोडून कित्येक वर्षं फरश्या बसवत होते. पहिल्या दिवशी त्यांनी घाण्यातला चुना चिमटीत धरला, अंगठ्यावर पसरला आणि नाकाशी नेला. मग म्हणाले, "अब्बाच्या अंगाले असाच वास यायचा."

चुन्याबरोबर आमच्याकडे पायवाटही होती. नहरीच्या कडेनं वर तळ्यापर्यंत जाते ती. वाटेचं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. पण वाट माणसं बिघडवत नाहीत, पाणी बिघडवतं. पाण्याला जागोजागी बाहेर काढून दिलं नाही तर ते वाटेलाच आपली वाट करतं. माणसांचं दुखणं वेगळं. वाट वळणं घेत चढते आणि लोकांना वळण नको असतं. ते सरळ चढतात, माती सुटते आणि पावसाळ्यात तिथं ओहोळ पडतो. आम्ही बाभळीच्या काट्या टाकल्या, लोक काट्या ओलांडून गेले. फळी लावली, फळीला धरून चढले. मग एका वळणावर मी सावलीत एक सपाट दगड ठेवला, बसायला. बसायला जागा आहे म्हटल्यावर माणसं वळणानं यायला लागली. हे माझं मला सुचलेलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. इतकं लिहिलं म्हणून काही बिघडत नाही.

तेल्हाऱ्याचे एक बागायतदारही आठवतात. नहर पाहून खूश झाले. म्हणाले, "माह्या मळ्यात अशीच पायजे. पन नवी दिसाले नको, जुनी दिसली पायजे." मी खाली मान घालून थापी धुवत होते. सुमन म्हणाली, "करून देऊ ना दादा. तुमचे नातू म्हातारे झाले की जुनी दिसंल." ते हसले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते.

नहरीच्या तळाला चुन्याचा थर देतात, त्याला कोबा म्हणतात. चुना पसरून भागत नाही, तो ठोकावा लागतो. आम्ही बाया एका ओळीत उकिडव्या बसतो, प्रत्येकीच्या हातात लाकडी थापी, आणि सगळ्यांची थाप एकदम पडावी लागते. मागेपुढे झाली तर चुना सरकतो, बसत नाही. म्हणून गाणं. गाण्याशिवाय कोबा होत नाही. नहरीचे आम्ही सारख्या लांबीचे खण पाडून घेतले होते आणि चाचांचा नियम होता, एका खणाला एक पुरं गाणं, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, चुना घट्ट होईपर्यंत. आपल्या आजीच्या तोंडून त्यांनी हे ऐकलेलं. साहेबांनी विचारलं, "चाचा, घड्याळ लावून ठोकलं तर?" चाचा म्हणाले, "घडीचा सेल उतरते साहेब. बायांच्या गान्याचा नाई उतरत."

गाणं सांगायचं काम माझ्याकडे होतं. माणसांपुढे माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण गाण्यात निघतो, कारण गाणं कोणाशी बोलायचं नसतं. आमच्या गाण्यात आधी झऱ्याचं नाव येतं, मग आईचं, मग भावांचं, मग पोरांचं, आणि शेवटी नवऱ्यांची चेष्टा. सगळ्यांत लांब भाग भावांचा. ओळीतल्या प्रत्येकीनं आपापल्या भावाच्या ओव्या सांगायच्या, जिला जितके भाऊ तितक्या, आणि बाकीच्यांनी झेलायच्या.

*थाप पडे थापीवर, चुना झाला वं लोन्याचा,*
*भाऊ माहा येते न्याले, रंग फेट्याचा सोन्याचा.*

आमच्यातल्या कोणाच्याच भावाला फेटा नव्हता. सुमनचा भाऊ परतवाड्याला पंक्चर काढतो. पण गाण्यात सगळ्यांचे भाऊ फेटेवाले.

कमानींवरचा कोबा सर्वांत अवघड. बाकी ठिकाणी चुना पक्का झाला की थापीचा आवाज बदलतो, भद्द वाजणारी थापी टण् वाजायला लागते. कमानीखाली पोकळी असते. तिथं कच्चा चुनाही पक्क्यासारखा वाजतो. कान फसतात. तिथं गाण्याचाच भरवसा.

आणि कमानींवरच सगळं ठरणार होतं. वरच्या ऑफिसातून हुकूम आला होता की दसऱ्यानंतर पाहणी होईल आणि तेव्हा नहर गळली तर आत काळे पाइप टाकायचे आणि पाणी पाइपातून न्यायचं. नहर नुसती पाहायला राहील. पाइप आलेसुद्धा होते. पायवाटेच्या कडेला त्यांचा ढीग पडलेला, येता-जाता दिसायचा. वानरं त्यावर बसायची. चाचा रोज सकाळी त्या ढिगाकडे पाहून तोंड फिरवायचे. एकदा मला म्हणाले, "वच्छलाबेटी, आपुन चुकलो तर ही नहर मुडदा होईल बरं. कपडे घातलेला मुडदा." मला रात्री त्या बोलण्यानं झोप लागली नाही.

पावसाळा उघडल्यावर कमानींचे खण झाले. दसऱ्याच्या आधी आम्ही आपल्यापुरतं पाणी सोडून पाहिलं. वर तळ्याच्या तोंडाची फळी उचलली. पाणी पाचोळा ढकलत, फेस धरत आलं. पहिली कमान झाली, दुसरी झाली. आम्ही सगळ्या खाली नाल्यात उभ्या होतो, वर तोंड करून. तिसऱ्या कमानीच्या पोटाला एक काळा ठिपका उठला. तो वाढला, त्याचा थेंब झाला, आणि तो सुमनच्या कपाळावर पडला. सुमन एकही शब्द बोलली नाही. तेव्हाच मला कळलं की हे फार वाईट झालं.

फळी टाकून पाणी बंद केलं. साहेब नाल्यातल्या दगडावर बसून राहिले. म्हणाले, "चाचा, वाळूत माती आली असेल का?" चाचा म्हणाले, "वाळू एकच होती साहेब, सगळ्या कमानीले." मग म्हणाले, "माहेच डोळे. तवा मी अकोल्याले ऑपरेशनले गेलो होतो. असतो तर हात लावून पायलं असतं." ते आपल्या हातांकडेच पाहत होते. मला ते बघवेना.

मग चाचांनी विचारलं, "हा खन कोनत्या दिवशी ठोकला वं?"

सुमन म्हणाली, "गंगू कामावर परत आली थ्या दिवशी."

गंगू आमच्या टोळीतली सर्वांत लहान. त्या महिन्यात तिचा भाऊ अकोटच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला होता. एकुलता एक. तेरवी झाल्यावर ती कामावर आली, थापी घेतली आणि ओळीत बसली. आम्ही गाणं सुरू केलं. झरा झाला, आई झाली, आणि भावांची जागा आली तेव्हा मी पोरांवर गेले. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाकडे पाहिलंही नव्हतं. सगळ्या माझ्यामागे आल्या. दुपारी तसंच. दुसऱ्या दिवशीही तसंच. ती शेजारी बसलेली असताना आपापल्या भावांना फेटे बांधायचे कसे? आम्हाला वाटलं आपण तिला जपतोय. खण संपला तेव्हा थापी टण् वाजत होती, कारण खाली कमान होती.

मी चाचांच्या मागं उभी होते. वर वाळत चाललेला डाग दिसत होता आणि पुढे चाचा आपल्या डोळ्यांना दोष देत होते. मी म्हटलं, "चाचा, डोळ्याचं नाई हे. त्या दिवशी गानं आखूड झालं."

"आखूड? कितीक आखूड?"

"भाऊ गाळले," मी म्हटलं.

साहेबांना आधी काही समजलं नाही. चाचांना समजलं. ते गंगूकडे न पाहता टोपी काढून डोकं पुसत राहिले.

गंगू नाल्याच्या काठावर, पाइपांच्या ढिगाशी जाऊन उभी होती. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "माह्या भावाले गाळाले तुमी कोन?"

"गंगू, तुले तरास नको म्हनून..."

"मले इचारलं कोनी? घरी त्याचं नाव काढत नाई कोनी. आई काढत नाई, बाप काढत नाई, शेजारचे मले पाहून चूप बसतात. मी इथं आली ते गान्यात तरी थो येईल म्हनून आली. अन् तुमी थो खनच कोरा सोडला." मग कमानीकडे हात करून म्हणाली, "गळन नाई तं काय करन."



साहेब उठले. त्यांनी चाचांना एवढंच विचारलं, "तेवढा खण उकरून पुन्हा केला तर दिवाळीनंतर पाणी धरेल?" चाचा म्हणाले, "ठोकाले पायजे तसा ठोकला, तर धरेल." साहेबांनी वर काय सांगितलं ते आम्हाला ठाऊक नाही. पाहणी दिवाळीनंतरवर गेली. जाताना साहेब मला म्हणाले, "वच्छलाताई, या वेळी कोणाला गाळू नका."

खण उकरला. तेच काम सर्वांत जिवावर आलं. कच्चा होता तरी चुना होता, निघता निघत नव्हता. नवा चुना पसरला आणि आम्ही ओळीत बसलो. गंगू मधोमध. चाचा खाली तिसऱ्या कमानीच्या खांबाला पाठ टेकून बसले, वरची थाप पाठीला लागावी म्हणून.

झरा झाला, आई झाली. मी माझ्या भावाच्या ओव्या सांगितल्या. सुमननं पंक्चरवाल्याला घोड्यावर बसवलं. मग गंगूची पाळी आली. थाप चालू होती, गंगू गप्प. आम्ही नुसतीच थाप टाकत राहिलो, शब्दांशिवाय. थांबून चालणार नव्हतं आणि पुढं जायचं नव्हतं. मग ती खाली मान घालूनच म्हणाली,

*भाऊ माहा बोलका वं, गाडी हाके भरधाव,*
*वाटे जो का भेटे त्याले सांगे बहिनीचं गाव.*

आम्ही झेललं. मला वाटलं झालं. पण तिनं दुसरी घेतली, मग तिसरी. त्याच्या लाल सदऱ्याची, त्यानं चोरलेल्या बोरांची, आईच्या हातच्या माराची. एका ओवीला सुमनला हसू आलं आणि गंगूलाही आलं, तशीच डोळे पुसत ठोकत होती. मनगटं भरून आली. कोणी पाणी मागितलं नाही. किती वेळ ती सांगत होती ते मला सांगता यायचं नाही. शेवटची मात्र लक्षात आहे.

*भाऊ माहा दूर गेला, नाई येत आता न्याले,*
*त्याच्या वाट्याचं वं पानी येऊ दे या नहरीले.*

खालून चाचांचा आवाज आला, "नवरे राहिले वं अजून." म्हणजे गाणं अर्धवट सोडू नका. मग आम्ही नवऱ्यांची चेष्टा केली, आणि त्या दिवशी ती जरा जास्तच केली.

चुना घट्ट होईपर्यंत सकाळ-दुपार हेच चाललं. मग बारदान भिजवून अंथरलं आणि ते वाळू दिलं नाही. दिवाळीत आळीपाळीनं पाणी मारायला आलो. भाऊबीजेची पाळी गंगूनं आपणहून घेतली.

पाहणीच्या दिवशी मोठी माणसं गाड्यांतून आली. आम्ही बाया लांब जांभळीखाली उभ्या राहिलो. फळी उचलली. पाणी आलं, पाचोळा ढकलत, तसंच. पहिली कमान, दुसरी, तिसरी. ते कमानी ओलांडून गेलं आणि थोड्या वेळानं खाली हौदात धार पडल्याचा आवाज आला. साहेब लोक हौदाकडे गेले, फोटो काढायला. चाचा गेले नाहीत. ते नाल्यात उतरले, तिसऱ्या कमानीच्या पोटाला तळहात लावला आणि इकडून तिकडे फिरवला. मग आमच्याकडे वळून हात वर केला. हाताला पांढरी धूळ लागली होती. कोरडी.

गंगूनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "चाला, डबे खाऊ."

पाइप ट्रॅक्टरनं परत गेले. एक तुटका तुकडा राहिला होता, तो मी पायवाटेखाली बसवला, वळणावरचं पाणी काढून द्यायला. चांगलं काम देतो तो. कोणाचा राग किती दिवस धरायचा?

आता चाचा नाहीत. माझे गुडघे उकिडवे बसू देत नाहीत, म्हणून मी थापी ठेवली. टोळीत नव्या मुली आल्या आहेत, गंगू त्यांची मुकादम आहे. त्यांतल्या एकीनं आमचं गाणं मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि ठोकताना तो काठावर ठेवून लावायला लागली. थाप बरोबर पडत होती, काम खोटं नव्हतं. पण मी ऐकलं तर त्यात सगळे आमचेच भाऊ. पंक्चरवाला घोड्यावर बसलेला, गंगूचा भाऊ बोरं चोरतोय, आणि या मुलींचे भाऊ कुठंच नाहीत. मला बोलायला धीर होईना. मी नुसतं गंगूकडे पाहिलं. तिनं मोबाइल उचलून बंद केला आणि त्या मुलीला म्हणाली, "तुले भाऊ नाई काय वं? सांग त्याचं." मुलगी लाजली. बऱ्याच वेळानं तिनं एक ओवी जोडली. वेडीवाकडी होती, पण थापीवर बसली.

मी अजून अधूनमधून जीपनं जाते. कोणी ओळखत नाही, बरं वाटतं. पायवाटेनं वळणं घेत नाल्यापर्यंत जाते, माझ्या दगडावर कोणी बसलेलं असलं तर उभीच राहते. मग खाली उतरून तिसऱ्या कमानीच्या पोटाला हात लावते. वरून पाणी चाललेलं असतं, त्याचा आवाज दगडातून तळहाताला कळतो. हात कोरडा निघतो. मग वर येते, नहरीच्या काठावर बसते आणि डबा सोडते.